आवाजात हसू ठेवा

ताईचा आवाज भाड्याने मिळायचा. ज्यांना पुस्तक हातात धरायला वेळ नाही किंवा नजर साथ देत नाही, त्यांच्यासाठी ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. भिंतींना स्पंजच्या जाड गाद्या ठोकलेल्या एका कोंदट खोलीत बसून तिने आजवर कितीतरी विधवा रडवल्या होत्या, खुनी पकडून दिले होते, खवट सासवांना जिभेवर नाचवलं होतं. राग तर तिच्या हातचा मळ. जबडा किंचित आवळायचा, श्वास पोटातून घ्यायचा आणि वाक्याचं शेवटचं अक्षर दातांनी तोडल्यासारखं सोडायचं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आलाच म्हणून समजा.

घरी मात्र तिने आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. लग्न जवळजवळ ठरलं होतं एकदा. मुलगा चांगला होता, हसरा होता. हॉटेलात वेटरने सरबत सांडलं तेव्हा तो वेटरवर ओरडला, एवढंच. ताईने घरी येऊन नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर तिला ते धड सांगताही आलं नाही. लोकांनी तिला विक्षिप्त ठरवलं आणि ती आईबरोबर राहिली.

"ताई, आवाजात हसू ठेवा."

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला. त्याला सगळे मौनी म्हणत, कारण दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकून त्याची स्वतःची हौस फिटली होती. आज तो हे वाक्य तिसऱ्यांदा बोलत होता, म्हणजे काहीतरी भलतंच बिनसलं होतं.

"ठेवते," ताई म्हणाली. पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा त्याच पानावर आली.

पुस्तक तिच्या धाकट्या भावाचं होतं. 'आमच्या घरचा पारा' असं त्याचं नाव. विषय त्यांचे वडील. ते शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. फळ्यावर एका दमात गोल काढायचे, असा की कंपासही लाजावा. विद्यार्थी त्यांच्यावर जीव टाकत. ते गेले तेव्हा टक्कल पडलेले, पोट सुटलेले विद्यार्थी येऊन ओक्साबोक्शी रडले होते. आता भावाने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं होतं आणि ते गरम भाकरीसारखं खपत होतं. घरात सतत पारा चढलेला, पण पोटात मायेचा झरा असलेला तापट बाप. वाचताना लोक हसून लोळत आणि शेवटच्या पानांवर डोळे पुसत. प्रत्येक जण म्हणायचा, अगदी आमच्या बाबांसारखे हो.

ध्वनिमुद्रण करायचं ठरलं तेव्हा धाकट्याने प्रकाशकबाईंना सांगितलं, वाचेल तर माझी ताईच वाचेल, घरचा आवाज आहे. ताईने आधी पुस्तक वाचलं नव्हतं. वाचायला घेतलं की दोन पानांत तिचं डोकं दुखायचं, मग ती ते मिटून ठेवायची. पण पोटापाण्याचं काम म्हटल्यावर तिने ते वाचलं, आणि पहिली काही प्रकरणं निभावून नेली. त्यातला बाप तिला ओळखीचा वाटत नव्हता, पण हरकत नव्हती. ती बारा वर्षांची झाल्यावर हा धाकटा जन्मला. याला कळायला लागलं तोवर मास्तरांचं हृदय कुरकुरायला लागलं होतं आणि डॉक्टरांनी त्यांना चिडायची मनाई केली होती. धाकट्याने पाहिला तो नखं काढून घेतलेला वाघ. त्याच्या पाठीवर बसून तो खेळला. त्याने तसं लिहिलं तर खोटं नव्हतं ते.

पण हे प्रकरण ताटाचं होतं.

पुस्तकात ते असं होतं: भात कच्चा राहिला. बाबांनी ताट उचललं आणि भिरकावलं. ताट भिंतीवर आपटून जमिनीवर पडलं आणि भोवऱ्यासारखं गरगर फिरत राहिलं. थांबेचना. आई, ताई, बाबा, तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी ते थांबलं, आणि त्या शांततेत बाबांनाच हसू फुटलं. मग ताई हसली आणि आईही हसली. दुसऱ्या दिवशी बाबांनी नवं ताट आणलं, त्यावर स्वतःच्या हाताने फूल रंगवलं आणि आईला दिलं. 'असा आमच्या बाबांचा राग. फेकायचा ताट आणि आणायचा फूल.' प्रकरण संपलं.

ताई त्या स्वयंपाकघरात होती. धाकटा आईच्या पोटात होता.

ताट भिंतीवर आपटलं नव्हतं. त्याची कड आईच्या कपाळावर केसांच्या रेषेत बसली होती. रक्त डोळ्यात गेल्यामुळे आईला दिसेना आणि ती एका हाताने पोट धरून दुसऱ्या हाताने भिंत चाचपत होती. दवाखान्यात जाताना तिने ताईला बजावलं, न्हाणीघरात पाय घसरला म्हणायचं. डॉक्टरांनी टाके घालता घालता ताईकडे बघून विचारलं, काय झालं ग? ताई म्हणाली, न्हाणीघरात पाय घसरला. आवाज जराही हलला नाही तिचा. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं वाचन म्हणायला हरकत नाही.

आता तिला तेच हसत वाचायचं होतं.

तिने पान समोर धरलं. या वेळी तिने हसू ठेवलं नाही, रागही ठेवला नाही. धंद्यातलं काहीच वापरलं नाही. एकही शब्द न बदलता, किराणा सामानाची यादी वाचावी तसं ते प्रकरण वाचून काढलं. ताट फिरत राहिलं. थांबेचना. ताई हसली. आईही हसली. वाचून झाल्यावर तिने वर पाहिलं. मौनीने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते.

"हे असं चालणार नाही," तो म्हणाला. "पण पुन्हा वाचा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्या भावाला बोलावतो."

धाकटा तासाभरात आला. चांगला शर्ट, दाढी कोरलेली. मौनीने त्याला दोन्ही वाचनं ऐकवली: सकाळचं, जेमतेम हसू असलेलं, आणि नंतरचं. दुसरं ऐकताना त्याचे कान लाल झाले. तो ताईला बाहेर, पाण्याच्या यंत्रापाशी घेऊन आला.

"हे काय चाललंय, ताई?"

"तू लिहिलंस तेच वाचलंय. काना-मात्रा बदललेली नाही."

"उगाच वेड पांघरू नकोस. लोकांना वाटेल, हा माणूस राक्षस होता."

"ताट भिंतीवर लागलं नव्हतं, बाळ्या. तुला सगळं सांगितलं होतं मी. रक्तासकट सांगितलं होतं."

बाळ्या हे त्याचं घरातलं नाव. दाराशी उभी असलेली ध्वनिमुद्रणाच्या कचेरीतली बाई हसू दाबत आत गेली, तसा तो आणखी तापला.

"माहिती आहे मला. मी ते काढलं. सगळं जसंच्या तसं ओतलं की पुस्तक होत नाही. वाचकाला राग नको असतो, रागाची आठवण चालते. इतकी वर्षं लोटली की राग निवतो, त्याच्यावर साय धरते. ती साय म्हणजे साहित्य."

"तुझ्याकडे धरली असेल साय. माझ्याकडे अजून उकळतंय."

"म्हणून मी माझा बाप टाकून द्यायचा?" आता त्याचाही आवाज फाटला. "माझ्या वाट्याला जो आला तो चांगला होता. तापात रात्रभर माझे पाय चेपायचा. तो मी खोटा म्हणू? तुझा राग आहे म्हणून मला माझं प्रेमही करता येऊ नये?"

"कर की. पाय चेपले ते लिही, मी साखर घोळून वाचीन. पण त्या ताटापाशी तू नव्हतास. तिथे मी होते, आणि तू मला तिथे हसायला लावलंस. आईला हसायला लावलंस."

"आईसाठीच काढलं ते. तिला त्रास झाला असता."

"तिला विचारलंस?"

तो मान उडवून म्हणाला, "चल. आत्ता विचारू."

ताईला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मौनीने दोन्ही वाचनं धाकट्याच्या फोनवर घातली आणि दोघं भावंडं एकमेकांशी अवाक्षर न बोलता घरी आली.

आई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. डोळ्यांत सायीसारखा पडदा धरल्यापासून ती सगळी कामं बोटांनी करायची. तिला पुस्तक वाचता येत नव्हतं. ताईचं वाचन पूर्ण झालं की ऐकायचं, असं ठरलेलं होतं.

"दोघं एकत्र?" ती म्हणाली. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. तुला पुस्तकातलं ऐकवायचंय, एकाच प्रकरणाची दोन वाचनं," धाकटा म्हणाला आणि त्याने तिच्याजवळ स्टूल ओढून फोन ठेवला.

आईने पहिलं वाचन ऐकलं. तिची बोटं शेंगा फोडत राहिली. प्रकरण संपलं तसा धाकटा पुढे वाकला. "छान आहे ना?"

"दुसरं लाव. दोन आहेत म्हणालास."

दुसऱ्या वाचनाला तिची बोटं थांबली. 'आईही हसली' हे वाक्य आलं आणि गेलं. फोन गप्प झाला. आईने मांडीवरची परात खाली ठेवली, टरफलं झटकली.

"पुस्तकात मी कितीदा हसते रे?"

"म्हणजे?"

"सरळ विचारतेय. तुझ्या बाबांनी काही फेकलं, आपटलं, की मी हसते. असंच आहे का सगळीकडे?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताईने नजर दिली नाही, पण उत्तर तिनेच दिलं. "हो. सगळीकडे."

"मी हसले नव्हते," आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण त्यात असं काही होतं की धाकटा ताठ बसला. "मी चिडले होते. इतकी चिडले होते की टाके घालताना दुखलं नाही मला. तो मेल्यावर सगळं गाव येऊन मला सांगून गेलं, मास्तर म्हणजे देवमाणूस. मी मान हलवली. बायका यायच्या, म्हणायच्या, तापट होते पण मनाने निर्मळ. मी मान हलवली. त्याला राग आला की घरभर सगळ्यांना कळायचं. मला आला होता का, हे एकाने विचारलं नाही. तूही नाही. एवढं जाडजूड पुस्तक लिहिलंस."

"आई, ते फुलाचं ताट..." धाकटा चाचरला. "ते तर खरं आहे ना? बाबांनी रंगवलेलं?"

"खरं आहे. सुंदर होतं. हात फार चांगला त्याचा." आईने ओठ आवळले. "त्यात मी मागच्या दाराशी येणाऱ्या खरजुल्या कुत्र्याला वाढायचे. रोज, तुझा बाप जेवायला बसला की. त्याच्या देखत. फुलावर भात घालायचे आणि कुत्र्याला हाक मारायचे."

दोघंही तिच्याकडे बघत राहिली. हे ताईला माहीत नव्हतं. तिला एवढंच आठवत होतं की ते ताट मांडणीवर कधी दिसलं नाही.

"बाबा काय म्हणाले?" तिने विचारलं.

"काय म्हणणार? पहिल्या दिवशी घास हातात राहिला त्याचा. मग खाली मान घालून जेवला. रोज जेवला. त्यानंतर ताट नाही फेकलं त्याने कधी. बाकीचं फेकलं." मग आईने तोंड ताईच्या दिशेने वळवलं. "आणि ताट फेकल्याचं याला कुणी सांगितलं?"

"मी."

"तुला मी काय सांगितलं होतं?"

"न्हाणीघर."

"मग?"

"आई, मी लहान होते तेव्हा. किती वर्षं गप्प बसायचं?"

"मी सांगेन तोवर. कपाळ माझं फुटलं होतं. मी जपून ठेवलं होतं ते, माझ्यापाशी. तू ते याच्या हातात दिलंस आणि याने त्याचा तमाशा मांडला. आता लोक पैसे देऊन हसतात माझ्या कपाळावर. तुम्ही दोघं इथे त्याच्यासाठी भांडताय, तो असा होता की तसा होता. माझ्यासाठी कोण भांडतंय?"

"मी भांडतेय," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या ताब्यातून सुटला. जबडा, श्वास, शेवटचं अक्षर, कशाचाच हिशेब राहिला नाही. "इतकी वर्षं तेच करतेय मी. तुझं कपाळ फुटलं, पण डॉक्टरसमोर खोटं कुणी सांगितलं? फरशीवरचं रक्त कुणी पुसलं? कुठे भांडं पडलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. एक चांगला माणूस मी नाकारला, वेटरवर ओरडला म्हणून. ते सगळं काय तुझं एकटीचं? तुझ्यापाशी तरी तो कुत्रा होता. माझ्यापाशी काय होतं?"

"मला सांगायचंस मग. याला कशाला?"

"तुला सांगायची सोय होती? तू तर मान हलवत होतीस सगळ्यांसमोर."

"ओरडू नकोस माझ्यावर."

"ओरडणार."

शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी बंद केला. भिंतीपलीकडे कान लागले असणार. आई आणि ताई समोरासमोर उभ्या होत्या, दोघींच्या मानेच्या शिरा सारख्याच फुगलेल्या. मध्ये स्टुलाजवळ धाकटा बसला होता. त्याचा चेहरा रडवेला झाला, मग तो खरंच रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, खांदे हलवत.

"रडू नकोस," आई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "त्यावरही पुस्तक लिहिशील."

तो उठला, फोन खिशात टाकला आणि पायात चप्पल सरकवून निघून गेला. मटार अर्धेच सोललेले राहिले.

ताईने काम सोडलं. प्रकाशकबाईंनी करारावर बोट ठेवलं, मग गोड बोलून पाहिलं, शेवटी दुसरा आवाज शोधला. रंगभूमीवरचा एक नट होता, हसऱ्या गळ्याचा. त्याने ताट असं काही फिरवलं म्हणे की मौनीसुद्धा काचेपलीकडे हसला. मौनीनेच हे ताईला सांगितलं, खाली बघत. नटाचं वाचन तुफान चाललं. एकदा बसमध्ये समोरच्या बाकावरची मुलगी कानात इअरफोनची बोंडं घालून हसत होती, आणि ती तेच ऐकत असेल या नुसत्या संशयाने ताई दोन थांबे आधी उतरली आणि पाय आपटत घरी चालत आली.

घरात वेगळंच सुरू झालं होतं. आईने ताईशी अबोला धरला. पण नुसता अबोला नाही, बोलका अबोला. भांडी आपटायची. चहा स्वतःचा स्वतः करायची, दिसत नसताना, आणि सांडला की गॅसला शिव्या द्यायची. दूधवाल्याने पाणी घातलं म्हणून तिने त्याला दारात असा फैलावर घेतला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. ज्या शेजारणी मास्तरांना निर्मळ मनाचे म्हणायच्या, त्यातली एक सहज विचारायला आली, मुलाचं पुस्तक ऐकलंत का? आई म्हणाली, "ऐकलं. ताट भिंतीला नाही लागलं, मला लागलं होतं. इथे. हात लावून बघा." शेजारीण चहा न घेताच गेली.

ताई हे आतल्या खोलीतून ऐकत होती. तिचा आईवरचा राग गेला नव्हता. आईचाही तिच्यावरचा गेला नव्हता. भांडं पडलं की ताईच्या पोटात अजून गोळा यायचा, आणि आता तर रोज पडायचं. एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, "आपटायचं असेल तर आधी सांगत जा. मी कान झाकते." आईने ओट्यावर चाचपून झाकण उचललं. मग म्हणाली, "आपटतेय," आणि झाकण आपटलं. अबोला त्या दिवशी संपला. भांडण चालू राहिलं.

धाकट्याचा फोन यायचा. आई घ्यायची नाही. ताईशी तो कामापुरतं बोलायचा, तीही कामापुरतं उत्तर द्यायची. काही महिन्यांनी पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. धाकट्याने एक प्रत पाठवली, सोबत चिठ्ठी-चपाटी काही नाही. ताईने ती दोन दिवस टेबलावर पडू दिली. मग उघडली ती थेट ताटाच्या पानावर. ताट अजून भिंतीवरच आपटत होतं. बाबांना हसू फुटत होतं. पण 'मग ताई हसली आणि आईही हसली' हे वाक्य तिथे नव्हतं. तिने पुढची-मागची पानं चाळली. सगळ्या पुस्तकात आई आता कुठेच हसत नव्हती.

ताईला समजेना, याचं काय करावं. एवढंच? असा तिचा पहिला विचार होता, आणि त्याच्या पाठोपाठ, बिनबोभाट करून टाकलं, मेल्याने. बरं वाटत होतं आणि त्या बरं वाटण्याचाच संताप येत होता. तिने आईला सगळं वाचून दाखवलं, साध्या आवाजात.

आईने ऐकून घेतलं.

"मी हसते ते काढलं?"

"काढलं."

"आणि त्या जागी काय घातलं?"

"काहीच नाही. नुसतं काढलंय."

"म्हणजे मी तिथे उभी आहे, आणि माझं काय होतंय ते लिहिलंच नाही." आईने हात पुढे केला. "फोन लाव त्याला."

ताईने फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून धाकट्याचा आवाज आला, घाईघाईने, काहीतरी समजावणारा.

"मधे बोलू नकोस," आई म्हणाली. "आधी ऐक. न्हाणीघरापासून सांगते."